जुनी स्पोर्ट्स कार विकायची असेल, तर ती आधी चालती ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाजारावर आलेला लेख वाचला. लिलावांची माहिती चांगली आहे, पण शेवटी मालकांना दिलेला सल्ला बहुतेकांचे नुकसान करणारा आहे. ‘भाव उतरले आहेत तोवर गाडी झाकून ठेवा, किलोमीटर वाढू देऊ नका आणि बाजार फिरला की बाहेर काढा,’ असे लेखात म्हटले आहे. गाडी ही काही तिजोरीत ठेवायची वस्तू नाही. उभ्या गाडीची किंमत दर महिन्याला आतून कमी होत असते आणि ती घट विकण्याच्या दिवशी एकदम समोर येते. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी आकड्यांविषयी. मे २०२२ मध्ये मर्सिडीजची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका फेरारी २५० जीटीओला ५ कोटी १७ लाख डॉलर मिळाले. पहिलीच्या जगात दोनच गाड्या आहेत आणि जीटीओ बनल्या अवघ्या ३६. जॅग्वार ई-टाइप सत्तर हजारांहून अधिक निघाल्या. जीटीओच्या भावावरून ई-टाइपचा अंदाज बांधता येत नाही, आणि तरीही मालकांची अपेक्षा याच बातम्यांवरून ठरते.

भाव चढणे-उतरणे या बाजाराला नवे नाही. ऑगस्ट १९८८ मध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले, त्यानंतर फेरारींचे भाव वेड्यासारखे चढले आणि १९९० नंतर तितक्याच वेगाने कोसळले. आताचा बदल मात्र वेगळा आहे, कारण आता गिऱ्हाईकच बदलले आहे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्याने लहानपणी खोलीच्या भिंतीवर फेरारी एफ४० किंवा मॅक्लारेन एफ१ चे पोस्टर लावले होते, त्याला तीच गाडी हवी असते. ऑगस्ट २०२१ मध्ये एका मॅक्लारेन एफ१ ला दोन कोटी डॉलरहून अधिक मिळाले ते त्यामुळेच; सगळ्या मिळून त्या १०६ आहेत. अमेरिकेत २५ वर्षे पूर्ण झालेली परदेशी गाडी तिथल्या सुरक्षा-मानकांच्या अटीतून सुटते, त्यामुळे १९९० च्या दशकातल्या एकेका मॉडेलला दरवर्षी नवे गिऱ्हाईक मिळत गेले. २००० नंतरच्या फेरारींमध्ये हाताने गिअर टाकायची गाडी स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी महाग जाते. ५९९ जीटीबी हाताच्या गिअरमध्ये जेमतेम ३० निघाली, तिचा भाव तर वेगळ्याच पायरीवर आहे. (असा गिअर नंतर बसवून घेतलेल्या गाड्याही फिरतात. तसे असेल तर विकणाऱ्याने पहिल्याच ओळीत लिहावे. तपासणीत ते उघड होतेच.)

दुसऱ्या बाजूला १९५० आणि ६० च्या दशकांतल्या, नीट सजवलेल्या पण फार दुर्मीळ नसलेल्या गाड्यांना गिऱ्हाईक कमी झाले आहे. आहे ते चोखंदळ आहे. त्याच्यासमोर तशाच पाच गाड्या असतात आणि त्यातली तो चालती, कागदपत्रे पूर्ण असलेली गाडी उचलतो.

किलोमीटर वाचवण्याचा सल्ला एका वर्गाला लागू पडतो, हे मान्य. फेरारी एफ५०, पोर्शे कॅरेरा जीटी यांसारख्या अलीकडच्या गाड्यांत मीटरवरच्या आकड्याने भावात मोठा फरक पडतो. पण १९६० च्या दशकातल्या गाडीचे मीटर बहुधा पाच आकडी असते, कधी फिरून शून्यावर आले ते कुणाला ठाऊक नसते, आणि गाडी एकदा तरी पूर्ण उघडलेली असते. तिथे गिऱ्हाईक इंजिनाची आजची तब्येत पाहते. वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालल्याने अशा गाडीचा भाव पडत नाही.

उभ्या गाडीत काय होते ते पाहू. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा ओढते. टाकीच्या तळाशी पाणी साचते आणि गंज धरतो, जुने रबरी पाइप आतून सुटून त्याचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रांत, अडकतात. ब्रेक ऑइलही ओलावा शोषते, कॅलिपरचे (ब्रेकची डिस्क दाबून धरणाऱ्या भागाचे) पिस्टन गंजून जागीच धरून बसतात. ई-टाइपमध्ये मागचे डिस्क ब्रेक चाकात नाहीत, ते डिफरन्शिअलला (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीला) लागून आत बसवलेले आहेत. तिथे हात पोचवणेच अवघड, त्यामुळे धरलेला मागचा कॅलिपर म्हणजे बरेच मोठे काम. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. वॉटर पंपाचे आणि क्रँकचे सील कोरडे पडून गळू लागतात. टायर एका जागी चपटे होतात, आणि नक्षी नवी दिसली तरी रबर कडक झालेले असते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ मधला २३ वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर संशयाने पाहावा, दहा वर्षांपुढचा वेगात चालवूच नये.

फेरारी ३०८, ३२८, टेस्टारोसा, एफ३५५ यांना रबरी टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा, आहे. त्याचे आयुष्य किलोमीटरबरोबर वर्षांनीही मोजतात, तो तीन ते पाच वर्षांत बदलायचा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन गेले. टेस्टारोसा आणि एफ३५५ मध्ये त्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागते, म्हणूनच मालक चालढकल करतात आणि गाडी ‘फार चाललीच नाही’ असे सांगतात. ते सांगणे गिऱ्हाइकाला पुरत नाही. तो बिलावरची तारीख पाहतो आणि बेल्टचा सगळा खर्च किमतीतून वजा करतो. (फेरारी डेटोनाला चेन आहे, तिच्यासाठी बेल्टचे बिल मागू नये.) एफ४० च्या पेट्रोलच्या टाक्या रबरी पिशव्यांच्या आहेत. गाडी चालो न चालो, साधारण दहा वर्षांनी त्या बदलाव्याच लागतात.

मग बरीच वर्षे उभी असलेली गाडी विकायला काढायची असेल तर? नवी बॅटरी लावून चावी फिरवणे ही सगळ्यात वाईट सुरुवात. आधी जुने पेट्रोल पूर्ण काढा. वार्निशासारखा वास आला तर टाकी उतरवून साफ करावीच लागेल. फिल्टर बदला, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप इथेनॉल सोसणारा नवा टाका. लँबोर्गिनी मिउरा आडव्या इंजिनावर पेट्रोल सांडून पेट घेण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे, तिथे पाइप, क्लिपा आणि कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी यांत हयगय चालत नाही. बेल्टचे इंजिन असेल तर बेल्ट आधी, सुरू करणे नंतर.

पुढे सगळे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि एक दिवस तसेच राहू द्या. मग क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडले तर जोर करू नका, कारण शोधा. नवे तेल आणि नवा तेल-फिल्टर घाला. जुन्या कॅमशाफ्टसाठी जस्ताचे प्रमाण पुरेसे असलेले, बहुधा २० डब्ल्यू-५० तेल लागते. आधुनिक गाड्यांच्या पातळ तेलात ते कमी असते. प्लग काढलेलेच ठेवून स्टार्टरने, मध्ये थांबत थांबत, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत फिरवा. काटा वर आल्याशिवाय प्लग बसवू नका. ब्रेक ऑइल, कूलंट, सगळे होज आणि टायर एकाच वेळी बदला. जुन्या सीलमध्ये सिलिकॉनचे डॉट ५ ब्रेक ऑइल मिसळू नका, कंपनीने सांगितलेल्या प्रकारालाच धरून राहा.

पहिली फेरी दहा किलोमीटरची. परत आल्यावर खाली पुठ्ठा टाकून गळती पाहा आणि चारही चाकांना हात जवळ नेऊन पाहा. एकच चाक तापले असेल तर तिथला ब्रेक धरतो आहे. तारांची चाके आणि मधोमध एकच मोठा नट असेल तर पन्नासएक किलोमीटरनंतर तो पुन्हा ठोकून घट्ट करा. दोन बाजूंचे आटे उलट असतात, एका बाजूचे चाक दुसऱ्या बाजूच्या सवयीने ठोकले की ते सुटते. या सगळ्यानंतर दोनतीनशे किलोमीटर गाडी चालली, त्यातून जे निघाले ते दुरुस्त झाले, की गाडी विकायला तयार.

चालती ठेवायची म्हणजे तीन-चार आठवड्यांनी एकदा तीस-चाळीस किलोमीटर, तेलाचे तापमान ८० अंशांच्या वर जाऊन वीसेक मिनिटे तिथे राहील असे. दर रविवारी गॅरेजमध्येच पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करणे हे न चालवण्यापेक्षाही वाईट. जळणातून तयार झालेले पाणी क्रँककेसमध्ये आणि सायलेन्सरमध्ये तसेच राहते, प्लग काळे पडतात. मर्सिडीज ३०० एसएलवर याचा फार वाईट परिणाम होतो. तिचा फ्युएल इंजेक्शन पंप इंजिनाच्या जोरावर फिरतो, त्यामुळे चावी बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत पेट्रोल सिलिंडरमध्ये पडत राहते, ते भिंतींवरचे तेल धुऊन खाली तेलात मिसळते. तेल सुमारे १५ लिटर, ते तापायला वेळ लागतो. छोट्या फेऱ्यांत ते पेट्रोल उडून जातच नाही. लांब चालवणे आणि तेल लवकर बदलणे, दोन्ही हवे.

जुन्या फेरारीत गिअरबॉक्स थंड असताना दुसरा गिअर जात नाही. ढकलायचा नाही, पहिल्यावरून तिसरा टाकायचा, तेल गरम झाले की दुसरा आपोआप मऊ होतो. सिंक्रोच्या (गिअर न घासता जुळवणाऱ्या) रिंगा खराब होतात त्या थंडपणी केलेल्या जबरदस्तीने. एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) पोर्शे ९११ चे तेल इंजिन गरम आणि सुरू असताना, सपाट जागी मोजायचे. थंड मोजून वर तेल ओतणारे बरेच आढळतात, मग जादा तेल हवेच्या पाइपातून बाहेर येते आणि गिऱ्हाइकाला धूर दिसतो. ३.८ लिटरच्या ई-टाइपला पहिल्या गिअरमध्ये सिंक्रो नाही, गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकावा. कॅरेरा जीटीचा क्लच अॅक्सिलरेटर न देता अलगद सोडायचा असतो. २०२३ मध्ये पोर्शेने सस्पेन्शनच्या सांध्यांमुळे या गाड्या तात्पुरत्या चालवू नयेत असे कळवले होते, त्यामुळे ते काम झाल्याचा कागद आता प्रत्येक गिऱ्हाईक मागते.

आता कागद. माझ्या मते बदलत्या बाजारात गाडीच्या खालोखाल किंमत फाइलला आहे. बिले तारखेनुसार, बदललेले जुने भाग पेटीत, आधीच्या मालकांचा क्रम, जुने फोटो. कंपनीकडून मिळणारे दाखले आधीच मागवून ठेवावेत: फेरारीचे क्लासिके प्रमाणपत्र, जॅग्वारचा हेरिटेज दाखला, मर्सिडीजचे डेटा कार्ड. गाडी कोणत्या रंगाची, कोणत्या इंजिनाची बाहेर पडली ते त्यावर कळते. मग तपासनीस टॉर्च घेऊन प्रत्यक्ष नंबर पाहतो. ई-टाइपमध्ये इंजिनाचा नंबर ब्लॉकवर तेल-फिल्टरच्या वर आणि सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला असतो, दोन्ही जुळायला हवेत. नंबरापेक्षाही तो ज्या धातूवर ठोकला आहे तो पृष्ठभाग बोलका असतो. मूळ पृष्ठभागावर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेषा राहतात. घासून पुन्हा ठोकलेला असेल तर तिथे खोलगट, गुळगुळीत चकाकी दिसते, आकड्यांची खोली कमीजास्त असते. इंजिन बदललेले असेल तर तसे लिहून विका, भाव कमी येईल पण सौदा टिकेल. लपवलेले तपासणीत निघाले की फक्त तेवढी किंमत कमी होत नाही, बाकीच्या सगळ्या बिलांवरचाही विश्वास उडतो.

विकण्याआधी रंग मारून घेण्याचा मोह टाळा. मूळ रंग, थोडा उडालेला असला तरी, आज ताज्या रंगापेक्षा जास्त मागितला जातो. ताजा रंग पाहिला की खाली काय झाकले असा पहिला प्रश्न येतो. तपासनीस रंगाची जाडी मोजतोच. साधारण १०० ते १५० मायक्रॉन असेल तर मूळ असण्याची शक्यता, ३०० च्या पुढे पुन्हा रंगवलेले, हजारच्या पुढे पुट्टी. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर साधे चुंबकी मीटर चालत नाही. यंत्राचा खर्च करा, दिसण्याचा करू नका.

इंजिनाची लीक-डाउन चाचणी आपणच आधी करून आकडे लिहून ठेवावेत. इंजिन गरम असताना पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाने हवा भरतात आणि किती टक्के गळते ते पाहतात. दहाच्या आसपास उत्तम, वीसच्या पुढे काळजी. मग कान लावायचा. सायलेन्सरमधून सूं असा आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टन रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. उभ्या गाडीत एखादा आकडा वाईट येतो आणि पाचशे किलोमीटर चालवल्यावर रिंगा मोकळ्या होऊन तो सुधारतो, असे बऱ्याचदा घडते. विकायच्या आधी चालवा, असे म्हणण्याचे हेही एक कारण.

विक्रीचे मार्ग तीन: लिलाव, दलालामार्फत किंवा थेट. लिलावात बातमीत येणारा आकडा मालकाच्या हाती पडत नाही, हे लेखात यायला हवे होते. हातोडा १०० वर पडला, म्हणजे शेवटची बोली १०० ची झाली, तर घेणारा वर बहुधा १० ते १२ टक्के देतो, म्हणून छापून येते ११२. विकणाऱ्याकडून दलाली, वाहतूक, विमा, फोटो यांचे पैसे कापून हाती ९० किंवा थोडे जास्त येतात. शेजारच्या गाडीचे ११२ वाचून राखीव किंमत (जिच्याखाली गाडी विकायची नाही ती) ११२ ठेवणारा मालक गाडी परत घरी आणतो. न विकल्याची नोंद राहते, आणि पुढच्या वेळी बोली तिथूनच खाली सुरू होते. पडत्या बाजारात राखीव किंमत हातोड्याच्या आकड्यांवरून, गेल्या सहा महिन्यांतल्या त्याच मॉडेलच्या विक्रीवरून ठरवावी. विक्रेत्याची दलाली घासाघीस करून कमी होते, गाडी चांगली असेल तर बरीच. ऑनलाइन लिलावात खर्च कमी, पण गिऱ्हाईक गाडी न पाहता घेते. तिथे दीडशे-दोनशे फोटो, खालून काढलेले धरून, आणि पूर्ण थंड इंजिन सुरू होतानाचा सलग व्हिडिओ हवा.

दलालाकडे गाडी ठेवताना चार गोष्टी लेखी घ्या: किमान किंमत, दलाली, गाडी त्याच्या ताब्यात असतानाचा विमा कुणाचा, आणि पैसे किती दिवसांत कोणत्या खात्यात. गाडी विकून पैसे अडकल्याची प्रकरणे होतात ती तोंडी व्यवहारात. मालकीचे मूळ कागद पैसे खात्यात जमा होईपर्यंत हातचे सोडू नका.

थेट विक्रीत चाचणीची फेरी नीट ठरवा. चालकाचा परवाना पाहा, विम्यात दुसरा चालक बसतो का ते विचारा. पहिली पंधरा मिनिटे मालकाने चालवावी, तेल तापेपर्यंत. मग गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देताना तिच्या स्वभावाविषयी स्पष्ट सांगा, कारण नवे गिऱ्हाईक बहुधा फक्त आधुनिक गाड्या चालवलेले असते. ९११ च्या १९६९ च्या मॉडेलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ५७ मिलिमीटरने वाढले, त्याआधीची ९११ वळणात मध्येच अॅक्सिलरेटर सोडला तर मागून फिरते. गलविंग (वर उघडणाऱ्या दारांच्या) ३०० एसएलचे मागचे चाक जोरदार वळणात ब्रेक मारला की आत दुमडते. दोन्हींत वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा. ओल्या रस्त्यावर चाचणी देऊच नका, दुसरा दिवस ठरवा.

विसार घेतला की त्याच्या पावतीवर तपासणीची मुदत, बाकी रक्कम कधी आणि सौदा मोडला तर विसार परत की जप्त, हे लिहा. गाडी नेताना दुसरी चावी, मूळ टूल किट, जॅक, चाकाचा हातोडा, मॅन्युअल आणि काढलेल्या जुन्या भागांची पेटी यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. बऱ्याच जुन्या फेरारींचे मूळ टूल किट आता सुटे विकत घ्यायला गेले तर हजारो डॉलर पडतात, आणि ते गॅरेजच्या फळीवर विसरून गाडी स्वस्तात देणारे मालक आजही भेटतात.

आपला,
एक वाचक